अॅक्सिडेंट बुकात मी लिहिलेली ओळ

आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. तेवढ्यावर लोकांसाठी काही लिहायला बसावं, एवढी माझी योग्यता नाही, हे मला कळतं. आगाऊपणा वाटला तर माफ करा. पण एकदा मी जे लिहिलं त्याचं काय झालं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बर्मिंगहॅममध्ये बाबा वृद्धांच्या एका केअर होमच्या स्वयंपाकघरात कुक होते. जानेवारीत एका सकाळी मागच्या दारानं कचरा टाकायला गेले आणि बर्फावर घसरले. मला फोन आला. लेक्चर सोडून पोचलो, तेव्हा ते ऑफिसात बसले होते, गुडघा टम्म सुजलेला. मॅनेजरबाईंनी त्यांच्या अंगावर स्वतःचा कोट घातला होता. टेबलावर अॅक्सिडेंट बुक होतं. कामावर कुणी पडलं की त्यात नोंद करावी लागते. बाबांना इंग्रजी लिहिता येत नाही, म्हणून पेन माझ्याकडे आलं.

"लिही, माझंच लक्ष नव्हतं."

"बाबा, खरंच?"

"अरे, त्या बिचारीचा चेहरा बघ. लिही तू."

आमच्याकडे कुणाच्या अंगणात पाय मुरगळला तरी माणूस आधी घरच्यांना म्हणतो, काही नाही हो, माझंच लक्ष नव्हतं. ही बोलायची रीत. खरं कुणी धरत नाही. मी ती रीत स्वच्छ इंग्रजीत उतरवली. बाबांनी खाली सही केली.

गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागणार होतं आणि हॉस्पिटलची रांग फार लांब होती. बाबांना उभं राहता येईना. कुकनं बसून काय करायचं? मीच एक सॉलिसिटर शोधली. तिनं समजावलं, बर्फ वितळावा म्हणून वाटेवर मीठ टाकणं मालकाचं काम. त्यांच्या विमा कंपनीनं चूक मान्य केली, तर खाजगी उपचार लवकर मिळू शकतील.

"गंमत बघ," बाबा हसले, "चाळीस ताटांत मी न विसरता मीठ घालतो. माझ्या वाटेवर कुणी घातलं नाही."

तिनं भरपाईचा क्लेम दाखल केला. विमा कंपनीनं उत्तरादाखल माझ्या ओळीची फोटोकॉपी पाठवली. तुमचा माणूसच म्हणतोय, चूक त्याची. सॉलिसिटर म्हणाली, ती ओळ कशी लिहिली गेली, याचा लेखी जबाब तू दे. मी लगेच हो म्हटलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा गुडघा चोळत बसले होते.

"तुला कोर्टात उभं करतील?"

"बहुतेक केसेस तिथवर जात नाहीत. पण वेळ आली तर राहीन."

"आणि विचारतील, खोटं का लिहिलंस?"

"विचारतील."

"वा! घरातला पहिला शिकलेला, आणि कोर्टात खोटारडा म्हणून उभा."

"पण बाबा, तुमचा पाय..."

"पाय माझाय ना? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."

मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचंच. चार दिवस एकेक शब्द तपासत मी जबाब लिहिला आणि पाठवून दिला.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. मी लायब्ररीत होतो. सॉलिसिटरनं लिहिलं होतं, तुझ्या जबाबाची आता गरज नाही. तो मिळाल्याचं मी तुझ्या वडिलांना कळवलं, त्याच दिवशी त्यांनी फोन करून क्लेम मागे घेतला. पुन्हा विचार करा म्हणून मी त्यांना दोनदा फोन केला. दोन्ही वेळा ते मोडक्या इंग्रजीत एवढंच म्हणाले, माझ्या मुलाला बोलावू नका.