एकतीस बाजार

माझी आई महिन्यांनी मोजत नाही, बाजारांनी मोजते. पाथर्डीकडच्या आमच्या गावात बुधवारी बाजार भरतो. म्हैस कधी व्यायची, पोर कधी बसायला लागलं, सगळं तिच्या तोंडी "तीन बाजार न दोन दिस" असं. म्हणजे तेवीस दिवस. मी शाळेत गणित शिकवते. दहाऐवजी सातच्या पायात, म्हणजे सातासातांचे गट करून तेवीस लिहिले तर तीन आणि दोन हेच अंक येतात. शेवटी शून्य आलं, की मोजणी ज्या वारी सुरू झाली तोच वार. वर्गात मी आईचंच उदाहरण द्यायचे. पोरं आधी हसायची, मग फटाफट गणितं सोडवायची.

गावातल्या पोटुश्या बायका आईला विचारूनच तयारीला लागायच्या. चाळीस बाजार भरले की बाळंतपण. तिचा अंदाज चुकला असं कधी कुणी म्हणालं नव्हतं.

धाकट्या बहिणीचे वीस बाजार झाले आणि तिची टोळी कोपरगावकडं ऊसतोडीला निघाली. जाऊ नको म्हणून मी घसा कोरडा केला. ऐकतंय कोण! शेवटी आई तिच्यासोबत गेली, भाकरी थापायला आणि तिच्यावर नजर ठेवायला. मोजायला आई आहे म्हणून मी स्वतः दिवसांचा हिशोब ठेवला नाही. दिवस भरायच्या आत परत येऊन सोनोग्राफी करू, असं ठरलं.

मी शिर्डीत राहते, तिथून जवळच. पट्टा पडायच्या, म्हणजे तोडीचा हंगाम संपायच्या सुमाराला, उन्हं तापू लागली तेव्हा बहिणीचा फोन आला. "ताई, कालधरनं पोटात हालचाल न्हाई गं."

पाठीमागून आई ओरडली, "काय न्हाई हुत! एकतीसच बाजार झालेत. झोपलं असंल लेकरू."

टोळीतल्या बाया पोट लई मोठं दिसतंय म्हणायच्या, तेव्हाही आईचं उत्तर तयार असायचं, "जुळं असंल." मी फोनवर खेकसले, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला," आणि गाडी करून निघाले.

डॉक्टरीणबाईंनी पोटावर मशीन फिरवलं, पुन्हा फिरवलं. बाळ एकच होतं आणि ते गेलं होतं. दिवस उलटून गेलेत, इतके दिवस काय करत होतात, त्या मला आणि आईला बाजूला घेऊन म्हणाल्या. आई त्यांच्याशीच भांडायला लागली, "अवो, एकतीसच बाजार झालेत!"

मी तिला बाहेर ओढलं. "तिकडं बाजार कवा भरतो?"

"आयतवारी. पर आमी पंधरवड्याला जायचो. दर आयतवारी कोयता कोन थांबवतंय?"

ती केलेले बाजार मोजत होती. गावाकडं तिचा एकही बाजार बुडायचा नाही, म्हणून तिथं ते जमून जायचं. आधीचे वीस बाजार सातसात दिवसांचे, नंतरचे अकरा चौदाचौदांचे, आणि तिनं ते सरसकट जोडून एकतीस केले. वर्गात पोरानं असं केलं असतं तर मी लाल रेघ मारून पुढं गेले असते. इथं चाळीस केव्हाच भरून गेले होते. मला आईचा असा संताप आला, की तिच्यावर हात उठेल म्हणून मी तिथून बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी बहीण मोकळी झाली. मुलगी होती. आई खाटेच्या पायथ्याशी उभी होती. लेकीला छातीशी धरून बहिणीनं मला विचारलं, "लई लवकर आली म्हनून गेली का गं?"

"व्हय," मी म्हणाले. "लई लवकर आली."

बहिणीनं दुपटं बाजूला केलं. लेकीचे बारीक हात उघडून पाहिले. नखं बोटांच्या पुढं वाढलेली होती, दिवस उलटलेल्या बाळाची असतात तशी. मग तिनं मान वर करून आईकडं पाहिलं.