वहिनीला आलेलं दूध

आमच्या दादाच्या बायकोला मूल नव्हतं आणि नोकरी होती पाळणाघरात. नशिबाला थट्टा सुचते ती अशी. दिवसभर लोकांची बाळं खांद्यावर घेऊन फिरायची आणि संध्याकाळी त्यांच्या आया आल्या की एकेक उतरवून द्यायची. घरी आली तरी ओट्याशी उभ्या उभ्या झुलत राहायची. "वहिनी, पातेल्याला झोपवतेस का?" माहेरी आले की मी चिडवायचे. ती हसायची.

चाळिशी उलटली आणि तिची पाळी थांबली. पुढे पाळणाघरात एक बाळ भुकेनं रडत असताना तिचा ब्लाऊज ओला झाला. तिला वाटलं, बाटली गळतेय. बाटली तर अजून भरायचीच होती.

पाळी नाही आणि दूध आहे, मग आणखी काय हवं? तिनं चाचणीची पट्टी आणली, त्यात काही दिसलं नाही. पट्टी चुकू शकते, दूध कसं चुकेल, असं तिचं म्हणणं. पाळणाघरातल्या बायका म्हणाल्या, मायेनं पान्हा फुटला. मला काही पटत नव्हतं, पण तिचा चेहरा बघून माझ्यासारख्या फटकळ बाईनंही जीभ आवरली. दादा कामावरून लवकर घरी यायला लागला होता.

तिचं डोकं दुखायचं, दाराच्या चौकटीला खांदे आपटायचे. तेही तिनं दिवस गेल्याच्या खात्यात टाकलं. मग एकदा कडेनं रांगत आलेल्या मुलीच्या बोटांवर तिचा पाय पडला. मुलगी तिला दिसलीच नव्हती. तेव्हा मात्र ती हादरली आणि मला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली.

बाईंनी एकेक डोळा झाकायला लावला. समोर त्यांच्या नाकाकडे बघायचं आणि कडेला बोट हललं की सांगायचं. दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूचं बोट दिसेना. मग बाई भलतंच विचारू लागल्या: पाळी येते का, दूध येतं का? डोळ्यांच्या डॉक्टरला दुधाशी काय घेणं, असं मला झालं. वहिनीनं लाजून सांगितलं, पाळी नाही, दूध येतं.

रक्त तपासलं, एमआरआय झाला. मेंदूच्या तळाशी एक ग्रंथी असते, तिच्यात बोराएवढी गाठ निघाली. कर्करोग नव्हे. पण दूध आणणारी तीच, पाळी अडवणारी तीच आणि डोळ्यांकडे जाणाऱ्या वरच्या नसा दाबणारीही तीच. बाळ नव्हतंच. ऑपरेशन बहुधा लागणार नाही, गोळ्यांनी गाठ आकसेल, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. वहिनीनं एवढंच विचारलं, "दूधही जाईल?"

गोळ्या तशाच पडून राहिल्या. माझं डोकं फिरलं. आंधळी होऊन बसशील, मी तिच्यावर ओरडले.

"वन्सं, तुम्हाला दोन मुलं आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला नाही कळायचं."

शेवटी दादानं गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि तोच रडायला लागला, तेव्हा तिनं ती गिळली.

हळूहळू नजर सुधारली, दूध आटलं. मग एका सकाळी पाळी आली. औषध लागू पडल्याची ती खूण होती. कदाचित मूलही होईल, पण वय पाहता भरवसा देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दादाचा फोन आल्याबरोबर मी आनंदानं धावत गेले. वहिनी न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसली होती.

"इतकी वर्षं दर महिन्याला ही आली की मी रडायचे," ती म्हणाली. "मधले ते महिने, वन्सं, मी आई होते."