नऊ गेमांचे वापरलेले नंबर

सोमवार. नारळी पौर्णिमा होऊन आठ दिवस झालेले. ठाण्यात हजर: प्रभारी म्हणून मी, ठाणे अंमलदाराच्या खुर्चीवर हवालदार, आमच्या महिला पोलीस नाईक, चारित्र्य पडताळणीचे कागद पाहणारे एक अंमलदार, आणि बाकावर तक्रारदार. आरोपी कोणी नव्हता. दुपारी जेवायला उठेपर्यंत मी मात्र एकाला आरोपी करून टाकलं होतं. नोकरीतली बहुतेक प्रकरणं आज डायरी पाहिल्याशिवाय मला नीट सांगता येत नाहीत. हे एक सांगता येतं.

तक्रारदार शिरोड्याचे, वय पंचेचाळीसच्या आसपास. किनाऱ्याला लागून त्यांच्या चार खोल्या, पर्यटकांना राहायला देतात. पावसाळ्यात पाण्यात उतरता येत नाही, पाहुण्यांची मुलं कंटाळतात, म्हणून त्यांनी पडवीत एक कॉम्प्युटर लावला. नवे गेम महाग, म्हणून मोबाईलवरची जाहिरात बघून सेकंड हँड घेतले. एकूण नऊ. विकणारा आमच्या हद्दीतला, मच्छीमार घरातला, चोवीस वर्षांचा तरुण. दोघे कुडाळला रेल्वे स्टेशनबाहेर भेटले. डबे, डिस्क, प्रत्येक डब्यात ॲक्टिव्हेशन कीचा, म्हणजे गेम सुरू करायच्या नंबराचा, कागद, सगळं मोजून ताब्यात घेतलं.

घरी येऊन पहिल्या गेमचा नंबर टाकला, तर पडद्यावर उत्तर आलं: हा नंबर आधीच वापरलेला आहे. दुसऱ्याचं तेच, नवव्याचंही तेच. त्यांनी विकणाऱ्याला फोन केला. त्याने माफी मागून स्वतःच्या खात्याचं नाव आणि पासवर्ड दिला, "सगळे गेम ह्या खात्यात आहेत, ह्यातून खेळा" म्हणाला. तीन दिवस खेळ चालला. चौथ्या दिवशी सकाळी पासवर्ड चालेना, आणि विकणाऱ्याचा फोनही लागेना.

"साहेब, पैसे घेतल्यान, चावी दिल्यान आणि मागसून कुलूप बदलल्यान," तक्रारदार टेबलावर बोट आपटत म्हणाले. "हेका चोर म्हणू नको तर काय जावई म्हणू?"

हवालदार हसले. मी हसलो नाही, कारण मला ते पटलं होतं.

वाचकांसाठी एक गोष्ट इथेच सांगतो, मलाही ती त्या दिवशीच कळली. जुनं पुस्तक किंवा जुना पंखा घेतला की तो आपला होतो. कॉम्प्युटरच्या बऱ्याच गेमांचं तसं नाही. डब्यातला नंबर एकदा वापरला की तो गेम वापरणाऱ्याच्या खात्याला कायमचा बांधला जातो. त्यानंतर हातात राहतो तो डबा आणि डिस्क. खातं दुसऱ्याला विकायला किंवा वापरायला द्यायलाही कंपन्यांची सहसा मनाई असते. म्हणजे डबा खरा, डिस्क खरी, नंबरही खरा, आणि खेळता काही येत नाही.

त्यात भर पडली एका खबरीची. कुडाळच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारा आमचा एक जुना माणूस आहे. दोनच आठवड्यांपूर्वी तो सांगून गेला होता, "साहेब, गोव्यासून वापरलेल्या गेमांचे डबे येतत, इन्सुलीच्या नाक्यावरसून. विकणारो आपल्याच किनाऱ्यावरचो आसा म्हणतत." मी दोन टोकं जोडली. जोडताना कुठे ओढावं लागलं नाही, हेच खरं तर संशयास्पद वाटायला हवं होतं.

आणि योगायोग असा की त्या तरुणाचा कागद आधीच आमच्याकडे पडून होता. त्याला मालवाहू जहाजावर नोकरी मिळाली होती. रुजू होण्यासाठी पोलीस पडताळणीचा दाखला हवा होता. गेम विकायला काढले तेही जहाजावर जायचं म्हणूनच. पडताळणीच्या अंमलदाराने कागद पुढे ठेवला. मी शेरा लिहिला: 'सदर इसमाविरुद्ध फसवणुकीचा तक्रार अर्ज चौकशीवर प्रलंबित.' दुपारच्या टपालाने तो ओरोसला, जिल्हा कार्यालयात गेला. शेऱ्यात खोटं एक अक्षर नव्हतं. कोणी बोट ठेवलं नसतं.

मंगळवारी तो तरुण आला. बरोबर वडील. ते होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य. दोघे पहाटे समुद्रावरून परतून थेट आलेले. मी वडिलांना बाहेर बसवलं आणि मुलाला आत घेतलं.

चौकशीची माझी एक ठरलेली पद्धत होती. आधी प्रश्न कागदावर लिहायचे, उत्तर आल्याशिवाय पुढच्यावर जायचं नाही. पहिला प्रश्न: नंबर वापरलेले होते हे माहीत होतं का?

"हो साहेब. मीच वापरलेले."

"मग विकले कसे?"

"डब्यासकट विकले. नंबरासकट." तो मला ठाण्यातलं मराठी बोलत होता, एकेक शब्द वेचून. मग अडखळला आणि घरच्या बोलीवर आला. "साहेब, आमी गेल्या वर्साक जुनी होडी विकली. होडीचो नंबर होडीवरच रवता. घेणाऱ्यान होडी घेतली, नंबर तेचो झालो. माका वाटला ह्येचाय तसाच. नंबर ज्याच्या हातात, गेम तेचो."

मी कागदावर लिहिलं: 'बनाव?' खरं सांगायचं तर उत्तर इतकं साधं होतं की मला ते शिकवून आणलेलं वाटलं.

दुसरा प्रश्न: पासवर्ड का बदललास?

"चोर शिरलो म्हणून."

"कोण चोर? तूच तर पासवर्ड दिला होतास."

"तेंका शिरोड्याक दिलंय. पण मेसेज इलो गोव्यासून."

इथे आमच्या नाईकबाई, ज्या बाजूला बसून तक्रारदारांनी जमा केलेले डबे तपासत होत्या, त्यांनी मान वर केली. त्यांच्या घरी दोन मुलं आणि एकच कॉम्प्युटर, त्यामुळे ठाण्यातल्या या विषयाच्या जाणकार त्याच. "साहेब, हे बघा," त्या म्हणाल्या. प्रत्येक डब्याच्या झाकणाच्या आत बॉलपेनने त्याचं संपूर्ण नाव आणि वाडीचं नाव लिहिलेलं होतं. स्टीलच्या भांड्यांवर घालतात तसं. "फसवायला निघालेला माणूस पत्ता लिहून देतो का?"

मी म्हटलं, "मूर्ख असला तर देतो."

"मग मूर्ख म्हणा. चोर कशाला म्हणता?"

मी त्याचा फोन मागितला. संदेश होता, इंग्रजीत. अनोळखी कॉम्प्युटरवरून तुमच्या खात्यात कोणी शिरलं आहे, ठिकाण गोवा, हे तुम्हीच आहात का? त्याने 'नाही' दाबलं होतं आणि लगेच पासवर्ड बदलला होता. तो म्हणाला, तीन दिवस होडी समुद्रात होती, किनारा दिसल्यावर फोनला रेंज आली आणि हा संदेश पहिला दिसला. जेटीवरच्या जावक-आवक नोंदवहीतून आम्ही पडताळलं. होडी निघाल्याची आणि परतल्याची नोंद त्याच्या सांगण्याशी जुळली. मासे उतरवून होडी त्याच सकाळी पुन्हा निघाली होती, म्हणजे फोन का लागत नव्हता तेही कळलं.

"पण त्यांना फोन करून विचारायचं नाही का?" मी विचारलं. "आधी पासवर्ड कशाला बदललास?"

तो खाली बघत म्हणाला, "तुमीच सांगितलास."

"मी?"

"हंगाम सुरू जावच्या आधी जेटीवर. सायबर जागृतीचो कार्यक्रम. तुमी वाचून दाखवलास. अनोळखी ठिकाणाहून खात्यात कोणी शिरलं असा मेसेज आला तर विचार करत बसू नका, ताबडतोब पासवर्ड बदला."

शेवटचं वाक्य त्याने माझ्या आवाजात म्हटलं. चेष्टा म्हणून नाही, पाठ होतं म्हणून. दहा सूचनांची ती यादी मीच तयार केली होती, आणि 'विचार करत बसू नका' हे शब्दही माझेच होते. नाईकबाई डब्यांकडे बघू लागल्या.

त्याच संध्याकाळी आम्ही शिरोड्याला गेलो. मी, नाईकबाई, तो तरुण, आणि शेजारचे दोन पंच. तक्रारदारांच्या पडवीत खुर्च्या मांडल्या. तरुणाने पंचांसमोर नवा पासवर्ड सांगितला, तक्रारदारांनी स्वतःच्या हाताने तो टाकला. त्याचा फोन मी टेबलाच्या मधोमध ठेवला होता. मिनिटभरात तो वाजला. अनोळखी कॉम्प्युटर. ठिकाण: गोवा.

तक्रारदार फोनकडे आणि मग स्वतःच्या खुर्चीकडे बघत राहिले. "मी हंयसर बसलंय, माझ्या पडवीत, आणि ह्यो मोबाईल म्हणता मी गोव्यात?"

त्यांच्या पत्नी दारातून म्हणाल्या, "सांगून तरी जावचा होता. मी काजू हाडूक सांगितलं आसतंय."

पंचसुद्धा हसले. नाईकबाईंनी समजावलं की इंटरनेटची लाइन जिथून येते तिथलं ठिकाण कधी कधी संदेशात दिसतं, आणि शिरोड्याहून गोव्याची हद्द काही लांब नाही. मी त्या वेळी दुसराच विचार करत होतो. गोव्याचं नाव ऐकून त्या तरुणाला चोर दिसला होता. गोव्याचं नाव ऐकून मलाही टोळी दिसली होती. खबरीतला खरा विक्रेता पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्या ठाण्याला मिळाला, त्याचा या मुलाशी काडीचाही संबंध निघाला नाही.

पण मूळ प्रश्न उरला होता. नंबर वापरलेले होते, ते सांगितलं नव्हतं. तक्रारदार अजून त्यावर अडून होते. गुन्हा दाखल करा म्हणत होते. मी जबाब लिहायला घेतला आणि विचारलं, "घेताना तुम्ही त्याला काय काय विचारलंत?"

"नंबराचे कागद सगळे आसत मां, इतक्याच विचारलंय."

"वापरलेत का, हे नाही विचारलं?"

"त्यात काय विचारूचा? होडी घेताना नंबर बघतव तसो बघितलंय. माझ्या बापसाची होडी होती, मी ते..." ते मध्येच थांबले. समोर तो तरुण मान खाली घालून बसला होता. त्याने ठाण्यात काय उत्तर दिलं होतं, हे मी तक्रारदारांना सांगितलं नव्हतं. आता वाचून दाखवलं.

ते तरुणाला म्हणाले, "तू खंयचो रे? तुझो बापूस तांडेल काय?" त्यानंतर ती चौकशी राहिली नाही. दोघे होड्यांवर बोलू लागले. पैसे परत करायचं ठरलं, डबे परत गेले, आणि तक्रारदारांनी लिहून दिलं की फसवण्याचा हेतू नव्हता, तक्रार चालवायची नाही. बुधवारी सकाळी मी सुधारित शेरा लिहिला, 'आक्षेपार्ह काही नाही', आणि माणूस पाठवून तो हाती ओरोसला पोचवला.

पहिला शेरा मात्र माझ्याहून वेगाने गेला होता. जहाजाच्या एजंटाने मंगळवारीच विचारणा केली होती, आणि 'तक्रार प्रलंबित' एवढं ऐकून त्या जागी दुसऱ्याला घेतलं होतं. त्या तरुणाला पुढचं जहाज मिळालं ते सहा महिन्यांनी. मधला सगळा हंगाम तो वडिलांच्या होडीवर होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर गेमविषयीचा सल्ला मी चटकन देतो. सेकंड हँड डबा घेताना नंबर आहे का हे विचारू नका, तो कोणाच्या खात्याला बांधलाय ते विचारा. दुसऱ्याच्या खात्यातून खेळायचा करार करू नका. विकणारा प्रामाणिक असला तरी त्याच्याकडे विकण्यासारखं काही उरलेलं नसतं. हा सल्ला मी दोन शाळांत आणि एका महाविद्यालयात दिला. जेटीवरच्या यादीतून 'विचार करत बसू नका' हे शब्द निवृत्तीआधी काढूनही टाकले.

शेऱ्याविषयी मात्र सल्ला देता येत नाही. खरं वाक्य चुकीच्या दिवशी लिहिलं तर काय होतं, ते कुठल्या नियमात बसवावं मला कळलेलं नाही. एक दिवस थांबलो असतो तर चाललं असतं. मुदत होती. टेबल मोकळं ठेवायची मला घाई होती, एवढंच कारण.

ते तांडेल अजूनही बाजारात भेटतात. माझ्या पिशवीत जबरदस्तीने दोन बांगडे टाकतात. "साहेबानू, तुमी व्हतास म्हणान झिलाचा नाव वाचला," म्हणतात; झिल म्हणजे मुलगा. जहाजावरची ती नोकरी 'पोरगो गेम विकूक गेलो' म्हणून गेली, अशी त्यांची समजूत आहे. मुलालाही ते घरी तसंच ऐकवतात, हे मला त्याच्याचकडून कळलं. पहिला शेरा माझा होता आणि त्यानेच ती नोकरी गेली, हे त्यांना समोर बसून सांगायचं आहे. गेल्या महिन्यात त्यांच्या वाडीपर्यंत गेलो होतो. ते अंगणात जाळं दुरुस्त करत बसले होते, मला बघून उठले, चहा करायला आत ओरडून सांगितलं. चहा पिऊन मी परत आलो. सांगायचं राहिलंच आहे.