थांबासाहेबांची वही

कुणी दारात आलं की चांगला माणूस 'या' म्हणतो. थांबासाहेब 'थांबा' म्हणायचे. समोर मोठे साहेब असोत, पाण्याचा जार आणणारा असो, नाहीतर झाडू घेऊन उभी असलेली मी. मान वर करायची नाही, पंजा दाखवायचा, 'थांबा'. त्यांचं खरं नाव गळ्यातल्या कार्डावर होतं, पण आम्ही झाडलोट करणाऱ्या बायकांनी ते कधी वापरलं नाही. मला हा माणूस आवडत नव्हता. आता वय झालं म्हणून आवडायला लागला, असंही नाही.

कचेरी येरवड्याला होती, सहा मजली. मी कसबा पेठेतून दोन बस बदलून जायची. तिसऱ्या मजल्यावर एक थंडगार खोली होती, तिथे लोखंडी कपाटात एकावर एक चपटे खोके रचलेले. त्यांना स्विच म्हणतात. भिंतीवरचं बटण नव्हे. खोक्याला पुढून ओळीने भोकं, आणि प्रत्येक भोकातून एक वायर कुणाच्या तरी टेबलापर्यंत. खोका बंद पडला की मजलाभर माणसं कॉम्प्युटरसमोर नुसती बसून राहतात आणि चहा मागतात. हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण फरशी पुसायच्या मशीनसाठी मी तिथला एक प्लग काढला होता. खोटं कशाला सांगू. ती खोली थांबासाहेबांच्या ताब्यात. ते आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बाई, आपण इथे कचरा काढायला येता. वीज काढायला वेगळा माणूस असतो."

दुसऱ्या दिवशी दाराला दोरीने बांधलेली वही आली. आत जाणाऱ्याने नाव लिहायचं, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, आणि काय हलवलं ते. मी चौथी शिकलेली. 'झाडलं' एवढं लिहून सुटायला बघायची. ते मला परत बोलवायचे.

"झाडताना काय हलवलं?"

"खुर्ची."

"मग खुर्ची लिहा."

बाकीच्या बायका डबे उघडून बसायच्या आणि मी दारात उभी राहून खुर्ची लिहायची. रोज.

गळ्यात एक फिकट निळी चपटी वायर अडकवून ते फिरायचे. बुधवार पेठेतल्या दुकानातून आणलेली. ती खोक्याला जोडली की खोका त्यांच्याशी बोलायचा म्हणे. माणसांशी बोलण्यापेक्षा त्यांना ते सोपं जात असावं. वर्षातून दोनतीनदा ते खोक्यांचं फर्मवेअर बदलायचे. हे काय असतं ते मी एकदा विचारलं. म्हणाले, "खोका तोच राहतो. त्याने कसं वागायचं हे त्याच्या आत लिहिलेलं असतं. ते बदलायचं."

मी म्हटलं, "माणसाचं बदलता येतं का हो?"

"माझ्यासाठी कुणी अजून पाठवलेलं नाही," ते म्हणाले आणि पुन्हा कागदात गेले.

तो कागद म्हणजे फर्मवेअरबरोबर खोका बनवणारी कंपनी जे निवेदन देते ते. थांबासाहेब ते छापून घ्यायचे, लाल पेनने रेघा मारत शेवटच्या पानापासून वाचायचे. "काय सुधारलं ते पुढे मोठ्या अक्षरात असतं. काय अजून मोडकं आहे ते मागे." मोठ्या साहेबांना हे वाचन सहन होत नसे. "अहो, नवीन आलंय ना, घाला." थांबासाहेब पंजा दाखवायचे. जुन्यावरून एकदम नव्यावर जाता येत नाही, मधलं एक घालावं लागतं. हे मोठ्या साहेबांना समजावताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "या बाईंना चौथीतून उचलून दहावीत बसवा. काय होईल?" सगळे हसले. मी म्हटलं, "मला विचारू नका. मला पाचवीतसुद्धा कुणी बसवलं नाही." हसणं थांबलं. थांबासाहेब हसलेही नव्हते आणि त्यांनी माफीही मागितली नाही.

एका रविवारी मुख्य खोक्याचं काम निघालं. त्या खोलीतला एसी गळत होता म्हणून मलाही बोलावलं. मधलं घालून झालं, मग नवं सुरू झालं. थांबासाहेबांना पाचव्या मजल्यावर काहीतरी बघायचं होतं. जाताना म्हणाले, "आता दिवे जातील. मेल्यासारखा दिसेल. मेलेला नसतो, आतला पाया लिहीत असतो. दिवा हिरवा होईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नका."

दिवे गेले. पंखे घरघरायला लागले. मी बादली घेऊन बसले होते. तेवढ्यात मोठे साहेब दाराला गळ्यातलं कार्ड लावून आत आले.

"हे किती वेळ असं आहे?"

"साहेबांनी थांबा सांगितलंय."

"हँग झालाय हा."

"हात लावू नका म्हणालेत."

"मावशी, तुम्ही मला शिकवणार?"

त्यांनी मागून विजेची वायर काढली, दहा मोजले आणि परत लावली. दिवा काही लागला नाही. ते आल्या वाटेने निघून गेले. मी थांबासाहेबांना फोन केला, आणि सवयीने वही उघडली. 'तीन वाजून दहा. मोठे साहेब आले. वायर काढली. परत लावली. मी नको म्हणाले.'

थांबासाहेबांनी खोका पाहिला, मग वही वाचली. मला वाटलं, आता काही चांगलं बोलतील. म्हणाले, "आल्याची आणि वायर काढल्याची वेळ वेगवेगळी लिहायला हवी होती." खोका कायमचा गेला होता. कपाटातला जुना खोका काढून त्यांनी कसंबसं काम चालू केलं.

सोमवारी मला वर बोलावलं. मोठे साहेब सगळ्यांसमोर शांतपणे म्हणाले की झाडणाऱ्या बाईने प्लग काढला, तिने पूर्वीही काढला होता. पूर्वीचं खरंच होतं, त्यामुळे सगळ्यांना पटलं. आम्हाला कामाला लावणाऱ्या ठेकेदाराच्या माणसाने कार्ड मागायला हात पुढे केला. घरात कमावणारी मी एकटी होते. मी कार्ड गळ्यातून काढायला लागले.

"थांबा," दारातून आवाज आला. त्यांनी वही टेबलावर ठेवली, शेजारी दोन कागद.

मोठे साहेब म्हणाले, "या बाईच्या अक्षरावर विश्वास ठेवायचा?"

"अक्षर वाईटच आहे," थांबासाहेब म्हणाले. "वेळ बरोबर आहे. शेजारच्या खोक्याने जोडणी तुटल्याची हीच वेळ नोंदवली आहे. आणि दाराच्या नोंदीत त्याच्या एक मिनिट आधी आपलं कार्ड आहे. बाई खरं बोलतात असं माझं म्हणणं नाही. मागे एकदा माझ्या खोलीत पाणी सांडून त्यांनी एसीचं नाव सांगितलेलं मला माहीत आहे. पण तीन नोंदी एकच सांगतात."

माझं कार्ड माझ्या गळ्यात राहिलं. मोठे साहेबही जागच्या जागी राहिले. गेले ते थांबासाहेब. दोन महिन्यांत ते काम बाहेरच्या लोकांना दिलं. निळी वायर घालून शेवटच्या दिवशी ते खोलीतून बाहेर आले तेव्हा मी जिन्याजवळ होते.

"माझ्यामुळे झालं का हे?"

"तुमच्यामुळे कशाला? वहीमुळे झालं. वही माझी होती."

मी आभार मानायला तोंड उघडलं. त्यांनी पंजा दाखवला. वहीत गेल्याची वेळ लिहिली, 'काय हलवलं'खाली 'काही नाही' लिहिलं आणि वरची ओळ बघितली. "आज तुम्ही कपाटाखालून पुसलंय. लिहिलेलं नाही."

मी पेन घेतलं. माझ्या अक्षराला वेळ लागतो. लिहून मान वर केली तेव्हा जिन्यावर कुणी नव्हतं.