न कापलेला टॅक्स

सुहासदादा, डिसेंबरात मी दोह्याला निघाले तेव्हा विमानतळावर आई रडत होती आणि बाबांनी एकच सांगितलं, "पगार पूर्ण हातात आला, तर टॅक्स का कापला नाही ते आधी विचार." बाबा आयुष्यभर नाशिकच्या शाळेत क्लार्क. सगळ्या मास्तरांच्या पगारातून टॅक्स त्यांनीच कापायचा. कापलेला पगार हाच त्यांच्या लेखी स्वच्छ पगार.

विचारायला तूच होतास, आठ वर्षं इथं मुरलेला चुलतभाऊ. दोह्याच्या मुंतझा भागातल्या तुझ्या फ्लॅटवर मी पहिली पेस्लिप दाखवली. तू ती न बघताच म्हणालास, "इथे टॅक्स कापत नाहीत, म्हणजे टॅक्सच नाही. खलास." मी मान डोलावली. साइट इंजिनियर होते, मेट्रोच्या खड्ड्यात दिवसभर धूळ खायचे, नियम वाचायला सवड नव्हती. खरं तर तुझं उत्तर सोयीचं होतं.

कतार कापत नाही, कारण कतारला पगारावर टॅक्स नकोच असतो. पण मार्चअखेर माझे देशाबाहेरचे दिवस जेमतेम साडेतीन महिने भरले. सहा महिने न भरल्यामुळे भारताच्या लेखी मी त्या वर्षी नाशिकचीच होते आणि इथल्या पगारावर तिथं टॅक्स होता. तो कोणी कापला नव्हता, म्हणून मीच भरायचा होता. पुढे टॅक्सची नोटीस आली, ती नाशिकच्या घरच्या पत्त्यावर. बाबा माझे कागद घेऊन दिवसभर टॅक्स ऑफिसात बसले. फोनवर एवढंच म्हणाले, "सगळ्या शाळेचा कापला, घरातलाच राहिला."

तुला सांगितलं तर तू हसलास. काकांना कागदांची सवयच आहे म्हणालास. त्या दिवसापासून मी तुझी पायरी चढले नाही, आणि चढणारही नाही.

मग इथल्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या घाईत रजा बंद झाल्या. मलाही ते बरंच वाटलं, बाबांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. दोन वर्षं घरी फिरकले नाही. परवा मन्सूराच्या मेट्रो स्टेशनात गाडीची वाट बघत होते, तेव्हा बाबांचा फोन आला. यंदा देशाबाहेर किती दिवस होतीस, त्यांनी टॅक्सच्या हिशेबासाठी विचारलं. सगळे, मी म्हटलं. ते म्हणाले,

"मग तुझ्याकडून इथं काही घ्यायचं नाही."

मी गाडी सोडली आणि तिथंच बाकावर बसून पुढच्या महिन्याचं घरचं तिकीट काढलं. रजा मिळो न मिळो. घरानं माझ्याकडून काहीच घ्यायचं नाही, हे मला नको. दादा, असली सूट तुलाच लखलाभ.