एका मिनिटाची खुशाली

आधी बाईंचं सांगते, मग झालेलं. नांदेडला मी ज्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, तिथल्या त्या रेक्टर. शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या. कडक इतक्या, की त्यांच्या चपलेचा आवाज आला की पोरी मोबाइल उशीखाली सारतात. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी जे केलं, ते त्यांना फार वाटत नसेल. मला मात्र तो दिवस अजून विसरता येत नाही.

माझी आक्का बहिरी आहे. जन्मापासून नव्हे. लातूरचा भूकंप झाला तेव्हा ती सातवीत होती, मी चौथीत. पुढं पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना तिला मेंदूचा ताप आला. ताप उतरला, कान गेले ते गेलेच. तिचं जड बोलणं घराबाहेर कुणाला उमजेना, म्हणून मी शाळा सोडली आणि तिच्यासोबत फिरायला लागले. त्यामुळं आमचं असं उलटं झालं, की आक्काला झरझर लिहिता-वाचता येतं, अन् मी अक्षर लावून वाचते, पण लिहायला बसले की जोडाक्षरापाशी अडते.

गाव लातूरकडं राहिलं. क्लासेसमुळं नांदेडात गल्लोगल्ली वसतिगृहं झाली, पोळ्या करणारीला काम मिळालं, मी इथं आले. आक्काशी फोनवर बोलता येत नाही. मग एका पोरीनं माझ्या मोबाइलात एक ॲप टाकून दिलं. आपण बोलायचं, ते लिहून देतं. एखादा शब्द बदलतं, पण बोलणं आपलंच राहतं. फक्त फुकटातलं असल्यानं त्याला मर्यादा होती. एका वेळी एक मिनिट, अन् दिवसाला मोजक्या वेळा. मिनिट संपलं की माइकचं चित्र करडं पडायचं. आवाज नाही, काही नाही.

आणि आमच्याकडं मुद्द्याचं कुणी आधी बोलत नाही. आधी खुशाली. आईचा गुडघा, शेळी, शेजारणीची सून, सगळं विचारून झालं की मग काम. खुशालीशिवाय आलेली खबर मयताची असते. भूकंपाच्या दिवशी चुलता आला, टेकला नाही, पाणी मागितलं नाही, उभ्याउभ्या म्हणाला, "तुमचा बाप गेला." आक्काच्या कानांनी ऐकलेल्या शेवटच्या मोठ्या खबरींपैकी ती एक. तेव्हापासून नुसती, कोरडी खबर आली की ती पांढरी पडते.

त्या दिवशी आक्का एसटीनं लातूरहून निघाली होती. नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. एकटीनं असा तिचा पहिलाच प्रवास. मी तिला स्टँडवर घ्यायला जाणार होते. पोळ्या आटपत होते, तेवढ्यात भाजीवाला दारातून म्हणाला, "मावशी, लोह्याच्या अलीकडं रास्ता रोको हाय. गाड्या लोह्यालाच खाली करून राहिले. माणसं गावंल त्या जीपमधी बसून राहिले."

माझ्या हातातलं लाटणं थांबलं. कंडक्टर ओरडून सांगेल, ते आक्काला कळणार नाही. सगळे उतरले म्हणून ती उतरेल, कुणी हात धरून जीपमध्ये बसवलं तर बसेल. मग ती जीप कुठं जाईल, कुणाला विचारेल ती, अन् काय बोलून?

पिठाच्या हातानंच मोबाइल घेतला. खुशाली विचारली, मग लोह्याचं सगळं नीट समजावून सांगितलं, अन् स्क्रीनकडं न बघताच पाठवून दिलं. तिचं उत्तर लगेच आलं. "समदं बरं हाय. आईचा गुडघा तसाच. शेळी व्याली, दोन पाटी झाल्या, एक कबरी."

लोह्याचा शब्द नाही. वर जाऊन बघितलं, तर माझं बोलणं शेळीपाशीच तुटलेलं. पुढचं सगळं मी करड्या माइकला सांगत बसले होते.

"एवढी का रडतेस?" बाई दारात उभ्या. मी सांगितलं.

"अगं, मग आधी काम सांगावं, खुशाली नंतर. आण इकडं." त्यांनी माझ्याच मोबाइलवरून टाइप करून पाठवलं. लोहा येथे रस्ता बंद आहे. बसस्थानकावरच थांबावे. कोणत्याही खासगी वाहनात बसू नये.

आक्काचं उत्तर आलं. "कोण लिवतंय हे? माझी बहीण कुठं हाय?" त्याच्यामागून लगेच दुसरं. "आईला काय झालं का? खरं सांगा."

"यात काय चुकलं?" बाई म्हणाल्या. "शुद्ध लिहिलंय."

"शुद्ध हाय म्हणूनच, बाई. लिवणारी मी न्हाई असं तिला वाटून राहिलं."

मी ॲप उघडलं. सकाळी आक्का निघताना बऱ्याचदा वापरून झालं होतं. आजची मर्यादा संपली, उद्या प्रयत्न करा, असं त्यावर आलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची हिंमत होईना. गाडी एव्हाना लोह्याजवळ आली असणार.

बाईंनी स्टूल ओढलं, चष्मा पुसला. "बोल. तोंडात येईल तसं बोल, मी तसंच लिहिते."

"अशुद्ध चालंल?"

"लाल पेन घरी ठेवलंय. बोल."

"खुशाली बी?"

"खुशाली पण. फक्त शेळीच्या पुढं जाऊ नकोस."

वातानं बाईंची बोटं तेव्हा वाकडी व्हायला लागली होती. एकाच बोटानं त्या एकेक अक्षर दाबत होत्या. "हाय" ला हायच लिहिलं. मी अडले की नुसतं म्हणायच्या, "पुढं?"

आक्का, मीच हाव. मी बरी हाव, आई बरी हाय, कुणाला काय झालं न्हाई. पाटी झाल्या, बेस झालं. आता नीट वाच. लोह्याला गाडी खाली करतेत. उतर अन् स्टँडातच बाकावर बस. कुणी वढलं तरी जीपमधी बसू नको. मी येऊन राहिले.

पाठवलं. दोन खुणा आल्या, पण निळ्या होईनात. तव्यावर पोळी जळाल्याचा वास आला, दोघींपैकी कुणी उठलं नाही. मग एकदम निळ्या झाल्या.

"जीपमधी चढले व्हते. उतरले. बाकावर हाव. ये."

बाईंनी स्कूटी काढली. रास्ता रोकोतनं दुचाक्या सोडत होते. लोह्याच्या स्टँडात आक्का पिशवी छातीशी धरून बसली होती, मोबाइल हातात तसाच. माझ्या गळ्यात पडली, मग बाईंकडं बघून तिच्या जड बोलण्यात विचारलं, जेवलात का. मी उलगडून सांगायच्या आत बाईच हातानं घासाची खूण करत म्हणाल्या, "जेवायचंय अजून. तूही उपाशीच ना?"

हे लिखाणही मी त्याच ॲपवर बोलतेय, तुटत तुटत, आणि तुटलेले तुकडे जोडताना रोज एक ओळ माझ्या बोटानं लिहायला शिकतेय. बाई, तुमची बोटं आता चमचाही नीट धरत नाहीत. परदेशातल्या तुमच्या मुलाला तुम्ही लांबलचक लिहायच्या, ते बंद पडलंय, हे मला माहीत आहे. माझा हात बसू द्या. मग तुम्ही बोला, मी लिहीन, तुमच्यासारखं शुद्ध, सगळी खुशाली धरून. अन् तुम्ही अडलात तर एवढंच म्हणेन, "पुढं?"