दाराशी वाकणारा

गिड्ड्या घरसामान हलवायचं काम करी. उंची बेताची, पण कपाट उचलावं तर त्यानेच: पाठ ताठ, सगळा भार मांड्यांवर. खोड एकच. दार कितीही उंच असो, त्यातून जाताना तो मान खाली घाली. मान झुकली की कपाट झुके आणि पलीकडच्या जोडीदाराच्या बोटांवर भार येई.

"अरे, तुझ्या डोक्यावर अजून एक गिड्ड्या मावेल! वाकतोस कुणाला?" जोडीदार करवादे.

"मी नाही, माझ्यातला बाप वाकतो," गिड्ड्या ऐटीत सांगे.

बाप ताडमाड होता, हमालच होता, आणि गिड्ड्या पोटात असतानाच गेला. मागे फोटोसुद्धा नाही. बापाची दारांशी वाकायची सवय रक्तातून आपल्यात उतरली, असं गिड्ड्याने ठरवूनच टाकलं होतं. बापाची तेवढीच काय ती इस्टेट.

कॉलेजात जाणाऱ्या लेकीने नेमका त्या इस्टेटीलाच हात घातला. "बाबा, जनुकांतून उंची येते, दारं नाही येत. आणि उंचीही तुमच्यापर्यंत पोचली नाही!"

"आजीला विचार मग," गिड्ड्या तणतणला. "आई, सांग हिला. वाकायचे ना ते?"

म्हातारी शेंगा सोलत होती. "ते कसले वाकतात! कपाळावर कायम टेंगूळ."

"मग माझ्यात हे आलं कुठून?"

"माझ्या खांद्यावरून. मी ऑफिसं झाडायला जायचे तेव्हा एका हातात बादली, दुसऱ्यात झाडू. तुला ठेवणार कुठे? मानेवर बसवायचे आणि दार आलं की ओरडायचे, 'डोकं!' तेच अंगात मुरलं."

"आणि इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तू खुशीत होतास. माझं काय जात होतं?"

गिड्ड्या जेवायला बसला. मानेवर पोर आणि हातात भरली बादली घेऊन जिने चढणं म्हणजे काय, हे त्याला कुणी समजावायला नको होतं. पण बापाची जागा रिकामी झाली, ती झालीच. शेवटी त्याने विचारलं, "म्हणजे त्यांचं काहीच नाही माझ्यात?"

म्हातारीने त्याला बराच वेळ न्याहाळलं. उगाच समजूत काढणाऱ्यांतली ती नव्हती.

"घोरणं," ती म्हणाली. "मिसरूड फुटलं तेव्हा एका रात्री तू पहिल्यांदा घोरलास. मी दचकून उठून बसले. वाटलं, हे परत आले."

"मग?"

"मग काय! त्यांना ढोसायचे तसंच तुला ढोसलं. त्यांच्यासारखीच कूस बदललीस आणि पुन्हा सुरू झालास."